नवव्या थांब्यावरची खिडकी

४ मार्च
आजपासून रोजनिशी. काम मोठं हाती घेतलंय आणि मोठ्या कामाची नोंद हवी.

काम असं: हार्लेम शहराची पायी फेरी, वाटाड्याशिवाय. हातात एक कागद, बाकी सगळं कागद सांगेल. वाटाडे मला आवडत नाहीत. छत्री उंच धरून पुढे चालतात आणि मागच्यांना मेंढरं समजतात. शहाण्या माणसाला डावीकडे वळ, इथे थांब, आता वर बघ, एवढं सांगितलं की पुरतं.

हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस गावात नाही. सारी नोकरी पालिकेत रस्त्यांवरच्या पाट्या लावण्यात गेली. या गावात जो योग्य ठिकाणी पोचतो तो या एव्हर्टमुळे, म्हणजे माझ्यामुळे. जो चुकतो तो पाटी न वाचल्यामुळे.

थांबे दहा. एप्रिलअखेर उद्घाटन. आधी डच, उन्हाळ्यात इंग्रजी आणि जर्मन आवृत्ती.

इनेकेला अजून सांगितलेलं नाही. इनेके म्हणजे माझी बायको. सध्या बाकेनेस भागात राहते. तूर्तास. आमच्या घराचा जिना शिडीसारखा उभा, तिचा गुडघा दुखायचा, म्हणून नोव्हेंबरात तिने तळमजल्यावरची एक जागा भाड्याने घेतली. गुडघा बरा झाला की येईलच. तिची हिवाळी चादर मी पलंगावरून काढलेली नाही.

७ मार्च
थांबे ठरले. स्टेशन, मोठा चौक, मोठं चर्च (भिंतीतल्या तोफगोळ्यासकट), जुना मांसबाजार, नदीकाठची वजनकाट्याची जुनी इमारत, उचलता पूल, पूर्वेची वेस, पवनचक्की. दहावा थांबा म्हाताऱ्या बायकांसाठी कोणे एके काळी बांधलेली चाळ, मधे बाग असलेली. तिथे कुजबुजत बोलायचं.

नववा थांबा बाकेनेसमधल्या एका गल्लीतलं घर. दर्शनी भिंतीचं टोक पायऱ्यापायऱ्यांचं, सतराव्या शतकातलं. आत निळ्या-पांढऱ्या टाइल्सची शेकोटी. योगायोगाने इनेके तिथेच राहते. निवड मात्र निव्वळ वास्तुकलेच्या कसोटीवर.

कोरला यादी दाखवली. कोर म्हणजे आमच्या इतिहासप्रेमी मंडळाचा खजिनदार, जन्माचा बेकरीवाला, आता निवृत्त. म्हणाला, पायऱ्यांची भिंत म्हणतोस तर माझ्या दुकानासमोर तसल्या तीन आहेत, तिकडून का नाही नेत वाट? मी म्हणालो, प्रश्न उजेडाचा आहे. कोरला उजेडातलं काय कळणार, जन्म भट्टीसमोर गेला.

१० मार्च
पूर्ण वाट चालून बघायची म्हणून निघालो. नवे बूट. वारा समोरून.

दुसऱ्या थांब्यावर कॉफी. पाहणीचाच भाग, कारण लोक तिथे कॉफी घेणारच. सफरचंदाचा केक. पुढे पूल वर गेलेला. एक शिडाची होडी सावकाश, फारच सावकाश गेली. तोवर टाच दुखायला लागली. पूल खाली आला तेव्हा मी घराच्या वाटेवर होतो.

एका अर्थी निम्मी वाट झाली. उरलेली तोंडपाठ आहे.

१६ मार्च
पाऊस. टेबलाशी बसून मजकूर लिहिला. खरं तर हीच योग्य पद्धत. चालताना माणूस भलतंसलतं बघत बसतो.

कोर येऊन गेला. म्हणाला, उंटावरून शेळ्या हाकतोयस. मी म्हणालो, नकाशे असेच बनतात. त्याने माझ्याकडची शेवटची बिस्किटं संपवली आणि गेला.

२० मार्च
नवव्या थांब्याचा मजकूर पुन्हा लिहिला. बाकीचे थांबे दोन ओळींत उरकले. हा पान भरून झाला. शेवट असा: ‘इथे घाई करू नये. मग मोठ्या खिडकीतून आत पाहावे.’

कोरला वाचून दाखवला. त्याने चष्मा काढला. म्हणाला, अरे बाबा, खिडकीतून आत बघ असं कोणी लिहितं का? मी म्हणालो, का नाही? या देशात कोणी पडदे लावत नाही. दिवे लागले की रस्त्यावरून सगळ्यांची ताटं दिसतात. कोर म्हणाला, पडदे उघडे असतात ते आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे कळावं म्हणून. आणि ते कळल्यावर जाणाऱ्याने नजर समोर ठेवायची. हे पोराला चालायला शिकवतानाच शिकवतात.

मी म्हणालो, शेकोटी सतराव्या शतकातली आहे. तो म्हणाला, पण समोर बसलेली बाई या शतकातली आहे ना?

कोरचा स्वभाव नकारात्मक होत चाललाय. वय.

२ एप्रिल
छापून आलं. ‘हार्लेम, आपल्याच पायांनी’. मागच्या बाजूला माझा फोन आणि ईमेल, अभिप्रायासाठी. गठ्ठे ठेवले: लायब्ररी, कोरच्या मुलाची बेकरी, चर्चचं दार, एक हॉटेल. हॉटेलवाल्याने विचारलं, स्वतः चालून बघितलंय ना सगळं? मी म्हणालो, असंख्य वेळा. मनाने चालणं हेही चालणंच.

उद्घाटनाआधीच लोक नेऊ लागले म्हणतात. मागणी होतीच, पुरवठा नव्हता.

६ एप्रिल
इनेके दिसली. मोठ्या चौकातून सायकलवर, वाऱ्याच्या विरुद्ध, उभी राहून पेडल मारत. मागे ओली पिशवी. समुद्रावर पोहून आली असावी. या थंडीत.

सायकलला गुडघे लागत नसावेत. डॉक्टरला विचारायला हवं.

हात केला. तिने घंटी वाजवली. बोलणं झालं म्हणायला हरकत नाही.

१३ एप्रिल
पहिला अभिप्राय. फोनवर. इनेकेच्या शेजारच्या बेपबाई, वय चौऱ्याऐंशी, आवाज रेल्वे फलाटावरचा.

त्या म्हणाल्या, अहो, त्या कागदावर नाव तुमचंच ना? मग ऐका. सकाळपासून माझ्या खिडकीला नाकं चिकटलीत. मी म्हणालो, तुमचं घर थांबा नाही, शेजारचं आहे. त्या म्हणाल्या, ते तुमच्या टुरिस्टांना सांगा, त्यांना आकडे कळत नाहीत. काल एकाने माझी मांजर शेकोटीवरची जुनी मूर्ती समजून फोटो काढला, आणि मांजर उठली तेव्हा किंचाळला. मी सूप पितेय आणि बाहेर चौघं उभे राहून कागद वाचतायत, मला काय प्राणिसंग्रहालयात ठेवलंय?

मी सुचवलं, पडदा लावून घ्या थोडा वेळ. मग त्या म्हणाल्या, भर दिवसा पडदा? लोक म्हणतील बेप मेली.

इनेके काय म्हणते, विचारलं. ती काही म्हणत नाही, असं कळलं. म्हणजे तिची हरकत नाही.

आकड्याचा ठसा पुढच्या आवृत्तीत मोठा करायचा.

१९ एप्रिल
ईमेल. बेल्जियमचं एक जोडपं, गेंटहून. मन लावून लिहिलंय. इथे उतरवून ठेवतो, मंडळाच्या वार्षिक अहवालात घेता येईल.

वाट छान पण दोन ठिकाणी चुकलो, म्हणतात. (पाट्या वाचल्या नसणार.) पुढे: ‘नवव्या थांब्याबद्दल विशेष आभार. शेकोटी दिसली नाही, कारण तिच्यासमोर टेबल होतं. टेबलाशी एक बाई एकट्या जेवत होत्या. मेणबत्ती लावलेली, पुस्तक मीठदाणीला टेकवून उघडं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. वाचता वाचता स्वतःशीच हसत होत्या. इतकं सुखी माणूस आम्ही कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. माझी बायको म्हणाली, संग्रहालयापेक्षा हे चांगलं. आम्हाला पाहून त्यांनी चमचा हलवला.’

पाय खुर्चीवर. गुडघा अजून दुखत असावा.

एकटी जेवणारी माणसं अशी हसतात, वरवर. मीही परवा रेडिओ ऐकताना हसलो.

मेणबत्तीचं मात्र समजत नाही. आमच्याकडे मेणबत्त्या कपाटात होत्या, वीज गेली तर लागतील म्हणून.

२१ एप्रिल
मार्लूस आली. मुलगी. उट्रेख्टहून खास आली, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं. कोट न काढताच सुरू झाली.

म्हणाली, बाबा, आईच्या घरासमोर लोकांच्या रांगा लावून दिल्यास तू. मी म्हणालो, रांगा हा शब्द जास्त होतो. ती म्हणाली, तुला तिला बघायचं असेल तर दार वाजव ना, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? मी तिला पायऱ्यांच्या भिंतीचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, तू खरंच ठीक आहेस ना? फ्रिजमध्ये नुसती मोहरी आहे.

मी म्हणालो, काम संपलं की बाजारहाट करतो.

जाताना कानाशी म्हणाली, ती परत येणार नाही रे बाबा. मी ऐकलं नाही असं दाखवलं. मग खरंच नीट ऐकू आलं नसेल असं ठरवलं.

२७ एप्रिल
उद्घाटन. दिवस मुद्दाम निवडला: राजाचा वाढदिवस, सगळं गाव रस्त्यावर. प्रसिद्धी आपोआप.

सकाळी स्टेशनवर हजर. भाषण खिशात. कोर आला, डोक्यावर राजघराण्याच्या रंगाची नारिंगी टोपी, हातात नारिंगी केक. आणखी कोणी नाही. एक जपानी मुलगा आमच्याजवळ थांबला, पण त्याला स्वच्छतागृह हवं होतं.

निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर अडकलो. वर्षातून हा एक दिवस गावातला प्रत्येक जण माळ्यावरची अडगळ काढून फूटपाथवर सतरंजी टाकून विकायला बसतो. पाऊल ठेवायला जागा नाही. रस्ते बंद. दरवर्षी या दिवशी रस्ते बंदच्या पाट्या मीच लावायचो. कसा विसरलो कळत नाही. मंडळाने आठवण करून द्यायला हवी होती.

कोर चौकात एका बँडसमोर हरवला. मी मागच्या गल्ल्यांतून थेट नवव्या थांब्यावर. परिस्थितीची पाहणी.

इनेके दारात सतरंजीवर बसलेली, शेजारी बेपबाई खुर्चीत. सतरंजीवर माझी पावसाळी विजार, मार्लूसचे स्केट आणि आमचा चीजचा संच. तो पितळी, सहा काट्यांचा, मधे दिवा लावून चीज वितळवायचं आणि सगळ्यांनी भोवती बसून पाव बुडवायचा. माझ्या बहिणीने लग्नात दिलेला.

मी म्हणालो, हा कसा काय? ती म्हणाली, कधी वापरला का आपण? मी म्हणालो, पाहुणे आले की काढू म्हणून ठेवला होता. ती म्हणाली, हवाय तुला? घेऊन जा. मी म्हणालो, इथेच राहू दे, तू घरी येशील तेव्हा आण.

बेपबाई आकाशाकडे बघायला लागल्या. इनेके काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात एका तरुण बाईने संच उचलला आणि सगळे काटे आहेत का विचारलं. इनेकेने दाखवलं, आहेत, सगळे आहेत. बाई खूश. आज रात्रीच करणार म्हणाली.

येताना विजार मी विकत घेतली. माझीच.

२९ एप्रिल
इनेकेचा फोन. तिने स्वतःहून केला, हे महत्त्वाचं.

आवाज शांत. म्हणाली, एव्हर्ट, तो नववा थांबा काढ. मी म्हणालो, कागद छापून झालेत. ती म्हणाली, मग गोळा कर. मी म्हणालो, लोकांना आवडतोय, तू चमचा हलवलास त्या गेंटच्या लोकांनी तर लिहिलंय. ती म्हणाली, माहितीये, मी त्यांना चमचा दाखवला, पण रोज किती जणांना चमचा दाखवू?

मी म्हणालो, आमच्या कामाचा नियम आहे, जागेवर जाऊन बघितल्याशिवाय पाटी हलवायची नाही. ती म्हणाली, मग ये आणि बघ. आणि फोन ठेवला.

ये, म्हणाली. दोनदा लिहून ठेवतो. ये म्हणाली.

२ मे
जाणार होतो. वारा.

५ मे
जाणार होतो. टाच. शिवाय अशा भेटीला केस कापलेले हवेत आणि सलूनवाला सुटीवर.

घर आवरायला काढलं. ती आलीच माझ्याबरोबर परत, तर बरं दिसावं. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घ्यायचा निर्णय. सुताराला निरोप ठेवला. मोहरी फेकली.

९ मे
शेवटी चाललो. पहिल्यापासून, सगळी वाट, कागद हातात धरून, अनोळखी माणसासारखी. नियम म्हणजे नियम.

आता खरं ते लिहितो, कोणी वाचणार नाहीये. तिसऱ्या थांब्यानंतर मी डावीकडे लिहिलंय, तिथे उजवीकडे हवं होतं. डावीकडे एका दुकानाची कचऱ्याची कोठी आहे. कोठीशेजारी राहणाऱ्या माणसाने मला बघून न विचारताच हाताने उलटा रस्ता दाखवला. रोजची सवय झालेली दिसली. पाचव्यानंतरच्या बोळाला फाटक बसलंय, कधी ते मला माहीत नाही. वेशीपाशी जो बाक लिहिलाय तो तिथे नाही. पवनचक्कीपर्यंत पोचलो तेव्हा पाय जड झाले होते आणि कागदावर विश्वास राहिला नव्हता. गेंटच्या लोकांची माफी मागायला हवी.

आठव्या थांब्यापासून नवव्यापर्यंतची वाट तेवढी बिनचूक. प्रत्येक वळण, प्रत्येक पायरी, कुठल्या दारात पिवळी सायकल उभी असते तेसुद्धा. हिवाळाभर संध्याकाळी तिथूनच जात होतो मी. पलीकडच्या बाजूने, नजर समोर ठेवून, जशी ठेवायची असते तशी.

तिच्या खिडकीला पडदा होता. भर दुपारी. जाड, नवा, हिरवा. बेपबाईंच्याही. सबंध गल्लीत तेवढे दोनच, आणि ते माझ्यामुळे. मला लाज वाटली. इतकी की कागद घडी करून खिशात घातला.

बराच वेळ उभा होतो. दार उघडलं, इनेके बाहेर आली, म्हणाली, हे पाहा, इथे बघण्यासारखं काही नाही. मग मला ओळखून म्हणाली, अरे, तू होय. आत ये. केस कापायला झालेत तुझे.

आत गेलो. शेकोटी खरंच सतराव्या शतकातली आहे. टाइल्सवर जहाजं आहेत. मी तिला सांगणार होतो की डावीकडची खालून तिसरी टाइल नंतर बदललेली दिसते, पण नाही सांगितलं.

तिने कॉफी केली. मी जिन्याच्या कठड्याचं सांगितलं, दोन्ही बाजूंनी. सुतार पुढच्या आठवड्यात येतोय म्हणालो. ती कप हातात धरून बसली होती. म्हणाली, एव्हर्ट, गुडघा जानेवारीतच बरा झाला. मी म्हणालो, मग. ती म्हणाली, जिन्याचं काहीच नव्हतं रे.

मी कॉफी ढवळली. ती म्हणाली, तुझा राग नाही मला. पण तुझ्याबरोबर इतकी वर्षं चालले ना, तर सारखं कोणीतरी सांगतंय, इकडे वळ, इथे थांब, आता हे बघ. सुट्टीत, बाजारात, स्वयंपाकघरात. बटाटे कुठल्या बाजूने सोलायचे तेसुद्धा. इथे आल्यावर पहिल्याच रविवारी मी घराबाहेर पडले आणि कुठे जायचं ते ठरवलंच नाही. नुसती चालले. चुकलेसुद्धा. आपल्याच गावात. मला इतकं बरं वाटलं की मी रडले.

मी म्हणालो, कुठे चुकलीस? म्हणजे पाटी असेल तिथे, सांगायला हवं कोणाला तरी. ती हसली. मलाही ऐकू आलं मी काय बोललो ते.

तिने सांगितलं की भाडेकरार कायमचा केलाय. घटस्फोटाचे कागद मार्लूसच्या ओळखीची वकीलबाई करेल, भांडण नको, घाई नको. मी मान हलवली. नववा थांबा काढतो, म्हणालो. उद्याच सगळे कागद गोळा करतो. ती म्हणाली, थँक्यू. मग म्हणाली, टाच कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे. दुखत होती.

दारापर्यंत सोडायला आली. निरोपाला माझ्या खांद्यांवर हात ठेवून पाप्या दिल्या. उजव्या गालावर, मग डाव्या, मग परत उजव्या. अशा तीन आपण वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांना देतो. शेजाऱ्यांना देतो, मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोला देतो. लग्न झाल्यापासून आमच्यात एकच असायची, घाईतली, ओठांवर, तीही बहुधा सायकलचं कुलूप काढता काढता.

आज तीन. आकड्याने बघितलं तर वाढ आहे. घरी येऊन खुर्चीत बसून बराच वेळ तसंच बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.